दातवाल्यांची गाडी

चौतीस वर्षं दातवाल्यांनी लोकांचे दात बनवले, आणि त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही. दवाखाना पुढे, त्यांची खोली मागे. पुढून ट्रेमध्ये जबड्याचा ठसा यायचा, सोबत एक चिठ्ठी. दातवाले त्यात प्लास्टर ओतायचे, मेणावर एकेक दात रचायचे, घासूनपुसून कवळी तयार करायचे आणि ती पुढे जायची. ती घालून कोण हसलं, कोण पहिल्यांदा भरपेट जेवलं, त्यांना कधी कळलं नाही. परत यायची ती तक्रार तेवढी. 'डावीकडे टोचते.'

लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायचे, जणू एखादं पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं होतं. घरात थोरली बहीण होती, ताई. शाळेत भूमिती शिकवायची. तिचंही राहून गेलेलं. घर आगगाडीच्या डब्यासारखं सरळसोट: पुढे बैठकीची खोली, मग स्वयंपाकघराला लागून जाणारा बोळ आणि बोळाच्या टोकाला ताईची खोली. दातवाले बैठकीतल्या कोचावर झोपायचे. त्याच खोलीत, भिंतीलगतच्या फळीवर त्यांची रेल्वे होती.

खऱ्या रेल्वेपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. इंजिन मुठीत मावेल एवढं, माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. डोंगर कवळ्यांच्या प्लास्टरचे, फलाटावरचे प्रवासी मेणात कोरून मग ओतलेले. दात कोरायच्या सुईने दातवाले त्यांची नाकं काढायचे. ताईला धुळीचा तिटकारा. "अरे, तुझ्या या डोंगरांवर पाऊस पडत नाही, म्हणून फडकं मलाच मारावं लागतं," असं कुरकुरत ती दर रविवारी सगळं पुसून काढायची, आणि प्रवासी मात्र जिथल्या तिथे ठेवायची. चुकून एखादा दुसऱ्या फलाटावर गेला तर दातवाल्यांना लगेच कळायचं. पण ते बोलायचे नाहीत.

ताई गेली, त्याला सहा वर्षं झाली. तिच्या खोलीचं दार दातवाल्यांनी ओढून घेतलं. आता पसारा करायला सगळं घर मोकळं होतं, पण रेल्वे फळीवरून खाली उतरली नाही.

छोट्या गाड्यांचा छंद असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. एके काळी सव्वीस सभासद. एकेक करून कोणी मुलांकडे राहायला गेले, कोणाचे डोळे गेले, कोणी स्वतःच गेले. उरले चार. मंडळाच्या सेक्रेटरींनी, ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, एका बैठकीत ठराव मांडला: लोकांपर्यंत आपणच जायचं, निरनिराळ्या मंडळांपुढे भाषणं द्यायची, छंदाचा प्रसार करायचा. ठराव एकमताने मंजूर झाला आणि चौघांपैकी तिघांनी दातवाल्यांकडे पाहिलं.

"अहो, पण मला बोलायची सवय नाही," दातवाले म्हणाले.

"तुम्हाला निदान दात तरी आहेत," सेक्रेटरी म्हणाले. बाकी तिघांच्या कवळ्या होत्या.

तेव्हापासून दातवाले बॅग घेऊन निघू लागले. बॅगेत लंबवर्तुळाकार रूळ, एक इंजिन, तीन डबे, वेगाचं बटण असलेली डबी आणि लांब वायर, कारण सभागृहातला भिंतीवरचा प्लग हटकून बंद असतो. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, वाचनालयाचे सभासद, बागप्रेमी, मधुमेही. ज्याला महिन्याच्या सभेला वक्ता मिळत नाही, त्याला दातवाले मिळायचे. बागप्रेमींनी फक्त गाडीशेजारच्या झाडांबद्दल विचारलं. मधुमेहींनी बिनसाखरेचा चहा पाजला. एका ज्येष्ठ नागरिक संघात तर सूत्रसंचालक बाईंच्या कागदांची सरमिसळ झाली आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, की आता डॉक्टरसाहेब कवळीची निगा कशी राखावी यावर बोलतील. समोर साठ माणसं माना उंचावून बसलेली. दातवाल्यांनी बॅगेकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि अर्धा तास कवळीची निगा सांगितली. एवढ्या टाळ्या त्यांना आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. बॅग न उघडता घरी आले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पाच वर्षांत एकशे बारा भाषणं झाली. नवा सभासद एक मिळाला. तो दोनदा आला आणि मग त्याला बुद्धिबळ आवडू लागलं.

एकशे तेरावं भाषण एका वसाहतीच्या सभागृहात होतं. वीसेक माणसं, वर पंखा करकरणारा. दातवाल्यांनी नेहमीचं सगळं सांगितलं, गाडी फिरवून दाखवली आणि विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

लोक नेहमीप्रमाणे उठायच्या बेतात होते. मग मागच्या रांगेतून एक आडव्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा राहिला. "ही गाडी थांबायला किती अंतर लागतं?"

असा प्रश्न दातवाल्यांना कोणी केला नव्हता. "बटण मागे घेतलं की लगेच. चार बोटांत थांबते."

"चार बोटांत," तो माणूस म्हणाला आणि खाली बसला.

सभा संपल्यावर तो बसथांब्यापर्यंत सोबत आला. तो इंजिन ड्रायव्हर होता, नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. बायको मागच्या साली वारली. मुला-सुनेकडे राहत होता. "तुमच्या घरी मोठी रेल्वे आहे म्हणालात. बघायला आलो तर चालेल?"

चालेल का, म्हणे! दातवाल्यांनी पत्ता दोनदा लिहून दिला. एक हरवला तर दुसरा असावा.

शनिवारी दुपारी ड्रायव्हर आला. दातवाल्यांनी सकाळपासून रूळ पुसले होते, दोन खुर्च्या मांडल्या होत्या, डोंगरांची हकिकत मनाशी तयार ठेवली होती. पण ड्रायव्हरने डोंगर पाहिलेच नाहीत. फलाटावरच्या प्रवाशांवरून बोट फिरवत त्याने एक बाई उचलली. हातात पिशवी असलेली. ती त्याने रुळावर उभी केली, बटण हातात घेतलं, गाडी सोडली, आणि बाईच्या दोन बोटं अलीकडे थांबवली. गाडी मागे नेली. पुन्हा सोडली. पुन्हा थांबवली. तासभर हेच चाललं. मग बाईला जागेवर ठेवून तो म्हणाला, "येतो पुढच्या शनिवारी."

चिठ्ठीत असेल तेवढंच वाचायची दातवाल्यांना सवय. चिठ्ठीत नसलेलं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी ड्रायव्हर आपणहून बोलला. गाडीकडे बघत, मान न वळवता.

"तेवीस वर्षं झाली. वळण संपून सरळ मार्ग लागला आणि समोर बाई. रूळ ओलांडत होती. पिशवी अडकली होती कशात तरी, ती ओढत होती. सोडली असती पिशवी तर... मी लगेच ब्रेक मारला. शिट्टी मारली. अंतर दोनशे मीटर. आणि गाडी थांबायला लागतात आठशे."

दातवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"चौकशी झाली. माझी काही चूक नाही, असं लिहून दिलं त्यांनी. कागद आहे माझ्याकडे. आठ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर गाडी घेऊन गेलो. चौदा वर्षं गेलो." त्याने मिशीवरून हात फिरवला. "घरी सगळे म्हणतात, तुम्ही काय करणार होता? पण मला वाटतं, एखादा क्षण मी उशीर केला असेल. माणूस नजर वळवतो, डोळे चोळतो. अहो, रोज वाटतं."

दातवाल्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि त्यांच्याजवळ शब्द नव्हते. आकडे होते. त्यांनी पेन्सिल घेतली.

"आठशे भागिले सत्त्याऐंशी," ते म्हणाले. "नऊ मीटर वीस सेंटिमीटर. दोनशे म्हणजे दोन मीटर तीस."

"म्हणजे?"

"म्हणजे खरी थांबते तशी ही थांबवता येईल. या डबीत तशी सोय आहे. मी कधी वापरली नाही, कारण फळीवर तेवढी जागा नाही." दातवाल्यांनी बोळाकडे पाहिलं. "जमिनीवर आहे."

पुढचा आठवडाभर दातवाले गुडघ्यांवर होते. मंडळाच्या कपाटातले जुने सरळ रूळ आणले. खिडकीपासून सुरुवात करून बैठक ओलांडली, उंबऱ्यावर पुठ्ठ्याचा चढ केला, बोळ संपवला. पुढे ताईचं दार. मोजून पाहिलं, अडीच मीटर कमी पडत होते. दार ढकललं. चादर ताणून घातलेली पलंगावर, भिंतीवर लाकडी कंपास टांगलेला आणि सगळ्यावर बोटभर धूळ. ताईने हे पाहिलं असतं तर! दातवाल्यांनी आधी फडकं शोधलं. खोली पुसायला त्यांना एक पूर्ण दिवस लागला, आणि रूळ टाकायला वीस मिनिटं.

शनिवारी ड्रायव्हर दारात आला आणि तिथेच थबकला. रूळ बोळात शिरून दिसेनासे होत होते.

दातवाल्यांनी खडूने रेघ मारली होती. "इथे ब्रेक." तिथून दोन मीटर तीसवर, बोळाच्या अलीकडे, बाई उभी होती. ती ड्रायव्हरने हातात घेतली, नीट पाहिली आणि परत तशीच ठेवली, तोंड गाडीकडे करून.

गाडी निघाली. रेघेवर येताच ड्रायव्हरने बटण खाडकन मागे खेचलं. किंचितही उशीर झाला नाही. दातवाले रेघेवरच नजर लावून बसले होते. पण गाडी धावतच होती. वेग कमी झाल्याचं जाणवतसुद्धा नव्हतं. एक, दोन, तीन... दातवाले मनात मोजत होते. आठाला बाई आडवी झाली. अगदी बारीक आवाज झाला, टाचणी पडल्यासारखा. गाडी उंबरा ओलांडून बोळात गेली. दोघे तिच्यामागून चालत गेले. चालत, कारण घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बोळ संपला, दार आलं, आणि ताईच्या पलंगाखाली शिरता शिरता गाडी थांबली. रेघेपासून सत्तावन्न सेकंद.

ड्रायव्हर मागे वळून बघत राहिला. तिथून बाई दिसत नव्हती.

"एवढं लांब," तो म्हणाला. "मी इंजिनातून खाली उतरलो, तेव्हा मला ते अंतर दिसलंच नव्हतं. मी मागे धावत गेलो होतो." मग तो ताईच्या पलंगावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. दातवाले शेजारी बसले. पाठीवर हात ठेवावा की नाही, हे ठरवेपर्यंत त्याचं रडणं आटोपलं होतं.

जाताना ड्रायव्हरने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही माणूस फार..." म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून जिना उतरला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. दातवाल्यांनी चहा दोघांचा टाकला होता, दोन्ही कप त्यांनीच प्यायले. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. बरं नसेल, असं म्हणून आणखी एक शनिवार गेला. मग ते इस्त्रीचा सदरा घालून वसाहतीत विचारत विचारत गेले.

दार सुनेने उघडलं. कडेवर बाळ, हाताला पीठ. "बाबा ना? ते गेले धाकट्या भावजींकडे, कायमचेच. कधीपासून बोलावत होते, पण बाबा हलायला तयार नव्हते. आणि एक दिवस अचानक म्हणाले, तिकीट काढा." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुम्ही ते गाडीवाले काका का? काका, काय केलंत हो तुम्ही? माझं लग्न झाल्यापासून मी त्यांना नीट झोपलेलं पाहिलं नव्हतं. जायच्या आधी दहा दहा तास झोपत होते. उठवावं लागायचं."

"झोपतात ना?" दातवाले म्हणाले. "मग छान झालं."

"आत या ना, बसा."

"नाही, नाही. बस चुकेल."

बस चुकणार नव्हती. दर दहा मिनिटांनी होती. थांब्यावर उभं राहून त्यांनी दोन बस जाऊ दिल्या. वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं, हे त्यांना कळत होतं. कवळी बसली की माणूस परत येत नाही. परत येतो तो टोचते म्हणून. तरीही त्याने एकदा यायला हरकत नव्हती, असं त्यांना वाटत राहिलं. काहीही काम नसताना, नुसतं डोंगर बघायला.

सेक्रेटरींना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. रूळ उचलून कपाटात नेऊन दिले आणि पुढच्या महिन्याची यादी घेतली.

एकशे चौदावं भाषण शिवणकाम शिकणाऱ्या बायकांपुढे झालं. नऊ जणी होत्या. दोघी मधूनच उठल्या, एकीला फोन आला. दातवाल्यांनी सगळं सांगितलं, गाडी फिरवली, प्रश्न विचारा म्हणाले. प्रश्न आला नाही, आभार मानले गेले, खुर्च्या सरकल्या. हल्ली ते आवराआवर फार सावकाश करतात. प्रत्येक डबा वेगळ्या फडक्यात गुंडाळतात, वायरीचं वेटोळं पुन्हा सोडून पुन्हा घालतात, आणि मधूनच मागच्या रांगेकडे बघतात. त्या दिवशीही तसंच चाललं होतं, तोवर शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"काका, अजून कोणी यायचंय का?"

"नाही," दातवाले म्हणाले. "झालंच माझं."