अण्णांचं नाक आणि मोडाची बाजरी

आमचे अण्णा कुठलीही वस्तू आधी नाकाला लावत आणि मग बघत. ज्वारी, गूळ, तूप हे तर झालंच. पण नवं पंचांग, लग्नपत्रिका, शिंप्याकडून आलेला सदरा, सगळं आधी नाकापाशी जायचं. भूमच्या बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. पोत्यात हात घालायचा, मूठभर धान्य काढायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि माल नवा की जुना, कोरडा की पाणी लागलेला, हे सांगून टाकायचं. "डोळा फसतो, नाक फसत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेतकरी त्यांच्याशी भावावरून हुज्जत घालत, वासावरून कधी कुणी घातली नाही.

माझी आणि त्यांची पहिली भेट याच नाकामुळं गाजली. ते मला मुलासाठी बघायला माझ्या माहेरी, ढोकीला आले होते. आईनं पोहे केले. अण्णांनी बशी उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली आणि म्हणाले, "शेंगदाणे खवट हायेत. मुलगी पसंत हाय." आईनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं आजतागायत लक्षात ठेवलंय. लग्नाच्या मांडवात उपरणं नाकाला लावून बसलेला माणूस एकच होता, तो म्हणजे नवऱ्या मुलाचा बाप. ढोकीला साखर कारखाना. गाळप चालू असलं की मळीचा वास हवेतच असतो. आम्ही त्यातच जन्मलो, त्यामुळं आम्हाला तो जाणवत नाही. अण्णांचं म्हणणं असं, की मळीत वाढलेल्या नाकाचा स्वयंपाकघरात काडीचा उपयोग नाही.

हे ते मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची रीत आमच्या घरात नव्हती आणि सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मग अण्णा भिंतीशी बोलत. "आज कुणाच्या तरी हातनं हिंग लई सांडला वाटतं," असं ओसरीवरून ऐकू यायचं. मी आत एखादं भांडं जरा जोरात आपटायची. भिंतीच्या मध्यस्थीनं आमचं बरं चाललं होतं.

या घरात पाखरं आली ती दुसऱ्याची म्हणून. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलाची बदली झाली आणि आठ दिवसांत नेतो असं सांगून तो एक पिंजरा आमच्या ओसरीवर ठेवून गेला. त्यात झेब्रा फिंचची जोडी. चिमणीहून लहान, लाल चोचीची, आणि आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा. दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर, म्हणून अण्णा दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी दुकानातून त्यांनी स्वतः निवडलेला राळा, बाजरीहून बारीक दाणा, आणला. पुढं त्या मुलाचा फोन आला, की घेऊन जाऊ का, तेव्हा अण्णांनी त्याला प्रवासात पाखरं कशी दगावतात यावर इतकं ऐकवलं, की त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

मादीनं अंडी घातली, पिल्लं निघाली आणि चार दिवसांत मेली. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. फोनवर त्या मुलानं सांगितलं, की कोरड्या दाण्यावर पिल्लं जगत नाहीत, त्यांना मऊ लागतं. उकडलेलं अंडं कुस्करून द्या, नाहीतर मोड आलेली बाजरी. आमचं घर लिंगायताचं. अण्णा म्हणाले, "या घरात अंडं येईल ते पाखरानं घातलेलंच." त्यामुळं सगळी भिस्त मोडाच्या बाजरीवर आली.

मटकीला मोड आणतात तसे फडक्यात बांधून आणायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. पहिलं गाठोडं उघडलं तर बाहेरून झकास आणि मधे आंबट गोळा. अण्णांनी वास घेतला आणि ते सगळं मातीत पुरलं. माणसाचं पोट दुखून थांबतं, पण एवढ्याशा जिवाला बुरशीचा एक दाणा पुरतो, असं ते म्हणाले, अर्थात भिंतीला. मग त्यांनी पद्धत बसवली. बाजरी आणि राळा आधी चोळून धुवायचा, रात्रभर भिजवायचा, सकाळी पाणी बदलून स्टीलच्या चाळणीत पसरून ठेवायचा, म्हणजे खालून-वरून वारा लागतो. दिवसातनं तीन-चारदा धुवायचा. मोडाचं पांढरं टोक दिसलं की लगेच द्यायचा आणि उरलेलं दुपारच्या आत पिंजऱ्यातून काढायचं. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. उन्हाळ्यात अण्णा अर्ध्या बादलीत आंघोळ करत, पण बाजरी पिण्याच्या पाण्यानं धूत. ते धुवण बेलाच्या झाडाला जायचं.

एकदा उमरग्याहून त्यांचे चुलतभाऊ आले. पाखरांसाठी म्हणून पेरणीतलं उरलेलं बियाणं मोठ्या कौतुकानं घेऊन आले. पेरायचं बी ते, सगळं उगवणार, याहून चांगलं काय? बियाण्याला औषधाचा गुलाबी रंग असतो, तर तो त्यांनी घरूनच धुऊन वाळवून आणलेला. दाणा मोत्यासारखा दिसत होता. अण्णांनी मूठ नाकाशी नेली आणि भावाकडं बघत राहिले. "रंग गेला, इख गेलं न्हाय," एवढंच म्हणाले. माझ्या नवऱ्याला परसात खड्डा घ्यायला लावला. बाहेरच्या चिमण्यांनीही टिपू नये म्हणून वर दगड ठेवला. जेवताना मात्र अण्णांनी भावाच्या ताटात आग्रहानं दोन पोळ्या जास्त वाढायला लावल्या.

मग तो मोठा ताप आला. अण्णा पंधरा दिवस अंथरुणावर होते. उठले ते जरा वाळले होते, पण स्वभाव एकदम निवळलेला. हिंगाविषयी भिंतीला काही सांगणं नाही. एकदा दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं, सगळा धूर ओसरीवर गेला आणि अण्णा शांतपणे पेपर वाचत होते. मला वाटलं, सासरा सुधारला. मी नवऱ्याला तसं म्हणालेसुद्धा.

त्याच सुमारास त्यांनी मला थेट हाक मारायला सुरुवात केली. सकाळी चाळणीपाशी बोलवत, "बस इथं. शीक," म्हणत आणि मूठभर बाजरी माझ्यापुढं धरत. मी वास घेऊन सांगायची, की चांगला आहे, किंवा जरा उतरलाय. ते माझ्या तोंडाकडं बारकाईनं बघत आणि मान हलवत. कधीही चूक काढली नाही. मी मनातून फुगले होते. मळीतल्या नाकाला अखेर किंमत आली, असं वाटायचं.

त्या फाल्गुनात मी माहेरी गेले. दोन वर्षांनी जात होते. पिंजऱ्यात नुकतीच पिल्लं निघालेली. निघताना अण्णा दारापर्यंत आले, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, पण नीट जा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी आमच्या ढोकीच्या अंगणात अण्णा उभे. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी. येडशीला गाडी बदलून एकटे आले होते. कुणाचं काही बरं-वाईट तर नाही, म्हणून आई हातातलं काम टाकून बाहेर आली. सगळं ठीक आहे असं सांगून ते पडवीत बसले. कारखाना ऐन गाळपात होता, मळीचा वास इतका की पाहुणे दारं लावून घेतात. अण्णांचं उपरणं खांद्यावर तसंच होतं. ते नाकाशी गेलंच नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तशीच राहिले.

आई चहा टाकायला आत गेली, तसं त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत मोडाची बाजरी. म्हणाले, "वास घे जरा."

झाकण काढल्याबरोबर आंबट भपकारा आला. एवढ्या उन्हात, एसटीत, बंद डब्यात दुसरं काय होणार? मी विचारलं, सकाळी यातलंच पिल्लांना घातलं का?

"न्हाय. तुला इचारल्याबगर कसं घालू? कोरडा दाणाच टाकून आलोय." मग इकडंतिकडं बघून ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मला वास येत न्हाय. तापापासनं. कशाचाच न्हाय."

ते पुढं बोलत राहिले. पाखरांचं एक झालं. पण दुकानात लोक मूठ त्यांच्या नाकापुढं धरत आणि ते डोळे मिटून मान हलवत. कुठं दाताखाली दाणा फोडून बघ, कुठं हातानं ओल बघ, असं रेटत होते. "चोरी केल्यावानी वाटतंय बघ. पोराला कळलं तर म्हणंल, अण्णा, आता घरी बसा. दुकानावर न्हाय गेलो तर म्या करू काय दिवसभर?"

चाळीस वर्षं ज्या नाकावर माणूस उभा, ते गेल्याचं त्यानं सांगितलं ते मला. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. मग त्यांचा हात धरून बाजरीवर ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, बोटाला चिकट लागतंय ना? बुळबुळीत लागलं की टाकायचं, वासाची वाट बघायची नाही. मला सुरुवातीला वास कळत नव्हता तेव्हा मी असंच ओळखायची. त्यांनी बोटं चोळून पाहिली, पुन्हा पाहिली. म्हणजे आता माझ्यावाचून अडणार नाही, असं मी म्हणाले.

"पाखरांचं न्हाय अडायचं," अण्णा म्हणाले. "माझं अडतंय."

चार दिवसांसाठी आलेली पोर संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली, म्हणून आई खूप रागावली. पाखरांसाठी कुणी सुनेला न्यायला येतं का, हा प्रश्न ती अजून विचारते. मी काही सांगितलं नाही. ती पिल्लं जगली, सगळी.

त्यानंतर अण्णा दुपारी जेवायला येत ते सदऱ्याच्या खिशात शंकेच्या मालाची मूठ घेऊन. पुडी ताटाशेजारी ठेवत. मी वाढता वाढता वास घेई आणि हळूच सांगे, की याला ओल लागलीय, हा जमिनीतल्या पेवातला दिसतोय, हा बिनघोर घ्या. ते दुकानात जाऊन, पुन्हा एकदा मूठ नाकाला लावून, डोळे मिटून तेच सांगत. मुलाला पत्ता नाही, बाजाराला पत्ता नाही. हिंग जास्त झाला की आता मीच त्यांना सांगायची, अण्णा, आज हिंग सांडला. ते हसायचे. म्हणायचे, "कसा वास सुटलाय, नीट सांग." मग मी फोडणीचा, मेथीचा, पहिल्या गुळाचा वास त्यांना शब्दांत सांगत बसे, आणि ते घास हातात धरून ऐकत.

गेल्या थंडीत ते दुकानातून आले, बरं वाटत नाही म्हणाले आणि पहाटेपर्यंत गेले. भेटायला गावोगावचे शेतकरी आले. ओसरीवर बसून एक म्हातारे म्हणाले, "अण्णासारखं नाक पुन्हा व्हणं न्हाय." माझा नवरा म्हणाला, व्हय, शेवटपर्यंत एकदाही चुकले नाहीत. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, सगळ्यांपुढं चहा ठेवला आणि आत आले.

चाळणीतली बाजरी सकाळपासून तशीच होती. धुतली, निथळली, मूठभर घेऊन नाकाशी नेली. वास चांगला होता. सांगायला मागं वळले, तर कुणी नव्हतं.