उताणा तळहात

हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. एक ओळ पुरी व्हायला फार वेळ लागतो आणि अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतं. पाथरीच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. देवाशी माझं भांडण कधी नव्हतं, तशी जवळीकही नव्हती. घरातली भक्ती माझी पत्नी कुसुम करायची. मी तिच्या मागे उभा राहून तीर्थ घ्यायचो. मागच्या वर्षी वैशाखात ती गेली आणि नंतर नऊ महिने मी कोणत्याही देवळाची पायरी चढलो नाही.

सेलूकडे एका लग्नाला आम्ही जीपने निघालो होतो. देवगाव फाट्याच्या अलीकडे जीप उलटली. मी मागच्या दाराशी, उजव्या हाताने वरचा गज धरून बसलो होतो. कुसुम माझ्या डाव्या बाजूला. गाडी कोलांटली तसं माझं सगळं अंग त्या उजव्या हातावर लोंबकळलं आणि खांद्यात काहीतरी उसवलं. कुसुम बाहेर फेकली गेली. माझा डावा हात त्या वेळी मोकळा होता. या एका वाक्यापाशी मी दिवसचे दिवस थांबलेलो आहे. तो हात तिच्याकडे गेला नाही. का गेला नाही, हे मला माहीत नाही.

मी शुद्धीवर आलो तोवर धाकट्या भावाने तिला अग्नी दिलेला होता. आम्हाला मूलबाळ नाही. दहाव्याला आणि तेराव्यालाही पाणी त्यानेच दिलं. मी दवाखान्याच्या खाटेवर पडून घड्याळ बघत होतो. उजवा खांदा हलत होता, कोपर वाकत होतं, पण बोटं आत मुडपून पडली होती, ती उघडतच नव्हती. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट राहिली. वर्षश्राद्धाला तरी तिला पाणी माझ्या हाताने जावं. तिळाचं ते पाणी उजव्या तळहातावरून, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडायचं असतं. त्यासाठी हात उघडायला हवा. बाकी त्या हाताने काही केलं नाही तरी मला चाललं असतं.

भाद्रपदात पुण्याला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तळहात उताणा करणारी नस शाबूत होती. तिची एक फांदी तोडून त्यांनी ती बोटं उघडणाऱ्या मेलेल्या नसेला जोडली. "नस फार सावकाश वाढते," ते म्हणाले, "आणि जुळली तरी मेंदूला हे नवीन असतं. बोटं उघडायची असतील तर तळहात वर करायचा, बोटं मागून येतील." परभणीला व्यायाम करून घेणाऱ्या ताई तर रोज तेच सांगायच्या. "काका, बोटांकडं बघू नका हो. तुम्ही त्यांच्यावर नुसते डोळे वटारता." मी घरी आल्यावर शरीरशास्त्राची दोन पुस्तकं वाचून काढली. कोणती नस कुठून निघते हे मला पाठ झालं. हात मात्र टेबलावर पडून असायचा. मी मनगट वळवायचो आणि दात आवळून बोटांना हुकूम द्यायचो. काही व्हायचं नाही. पौषात एकदा डॉक्टरांना फोन करून विचारलं, हा हात काढून टाकता येईल का. ते म्हणाले, आधी विजेची तपासणी करून घ्या.

माघातली गोष्ट. परभणीला नसेची ती विजेची तपासणी झाली. तपासणाऱ्याने पडद्याकडे बघत सांगितलं, "अजून काही दिसत नाही." मी एसटीने परत निघालो. वर्षश्राद्धाला तीन महिने उरले होते. भावालाच पुन्हा बसायला सांगावं, असं मी खिडकीशी बसून ठरवलं. ते ठरवल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मानवतच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली.

"स्टेपनीतबी हवा न्हाई," कंडक्टर म्हणाला. "आता बसा भजन करत."

"भजन तुमी म्हना, टाळ आमी वाजवतो," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसत उतरले. रस्त्याकडेला महादेवाचं छोटं देऊळ होतं, त्याच्या सावलीला जाऊन बसले. मी गाडीतच राहिलो. खिडकीखाली गाडीतलीच एक म्हातारी येऊन उभी राहिली. चष्मा आणि मांडीवरचं पुस्तक बघून तिने मला मास्तर ठरवलं.

"ओ मास्तर, कामून बसलाव आत? गाडीला लय टाइम हाय. महादेवाचं तीर्थ तरी घ्या, त्याला काय तिकीट न्हाई."

तिला नाही म्हणायचं बळ नव्हतं म्हणून मी उतरलो. गुरव दारातच पळी घेऊन तीर्थ देत होता. माझी पाळी आली तसा मी सवयीने डावा हात पुढे केला.

"डावा नको काका, उजवा करा," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला आणि वळलो. म्हातारी मागेच होती.

"काय झालंय हाताला?"

"बोटं उघडत नाहीत."

"हात्तिच्या! आमचीबी न्हाई उघडत. जलमभर ऊस तोडला. आता सुनंचं बाळंतपन हाय म्हनून टोळी सोडून घरी चाललेय. सकाळी उठलं की कोयता धरल्यागत मूठ तशीच ऱ्हाती बगा. बोटाला सांगून उपेग न्हाई, ती ऐकत नसतेत. हात उताना टाकायचा देवापुढं, अन् बोटं इसरून जायचं."

तिचं दुखणं वेगळं होतं आणि माझं वेगळं. तिचा काहीतरी गैरसमज झाला होता आणि तो दूर करण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. तिने माझा उजवा हात शालीतून बाहेर काढला, मनगटाखाली आपला खरखरीत हात धरला आणि म्हणाली, "टाका." मी तळहात वर केला. बोटांचा विचार त्या क्षणी खरंच मनात नव्हता. आता पाथरीला किती वाजता पोचू, असलं काहीतरी होतं. गुरवाने पळी ओतली. मुडपलेल्या बोटांत पाणी साठलं, गार लागलं, आणि ती बोटं हलली. कणभर उघडली, थरथरली आणि साठलेलं सगळं तीर्थ फरशीवर गेलं.

"अहो, सांडलं की!" गुरव ओरडला.

"सांडू दे रे बाबा. देवाच्याच दारात सांडलंय," म्हातारी म्हणाली. वाकून तिने ओल्या फरशीला बोटं लावली आणि ती आपल्या डोळ्यांना लावली. काय घडलं ते तिला कळलं नव्हतं. मी पुन्हा हात वर केला, काही झालं नाही. तिसऱ्यांदा मधलं बोट हललं. मी पायरीवर बसलो. चाक बदलून गाडी निघाली तशी म्हातारी मानवतला उतरून गेली. तिचं नाव, गाव मी विचारलं नाही. याची रुखरुख अजून आहे.

डॉक्टर म्हणाले, नस तोवर पोचलेलीच असणार; यंत्राला कधी कधी उशिरा दिसतं. ते बरोबर असेल. मी वाद घालत नाही. त्या संध्याकाळी घरी आलो, दिवा लावला, आणि हात उघडला हे सांगायला घरात कोणी नाही हे लक्षात आलं. कुसुम गेली तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.

वैशाखात वर्षश्राद्ध झालं. "सर, नाही जमलं तर भाऊंना बसवू," गुरुजी आधीच म्हणाले. मी बसलो. पहिल्यांदा तळहात वर केला, बोटं उघडली आणि तिळाचं पाणी अंगठ्याच्या मुळाशी घसरून ताम्हनात गेलं. दुसऱ्यांदा अर्धंच गेलं. तिसऱ्यांदा हात थकला. बोटं मिटली ती मिटलीच. मी दात आवळले, कपाळावर घाम आला. मग माझ्याच्याने होईना. कुसुमला मनात म्हणालो, माझ्याकडे आता एवढंच आहे. आणि हात तसाच ठेवून डोळे मिटले. मिटलेल्या बोटांच्या फटीतून पाणी थेंब थेंब झिरपू लागलं.

"झालं का?" भावाने हळूच विचारलं.

"गडबड करू नका," गुरुजी म्हणाले. "जायलंय पाणी."

शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी पुढचा मंत्र म्हटला नाही. हात आजही पेला धरत नाही, शर्टाचं बटण लावत नाही. दुःख जसंच्या तसं आहे. पण जे माझ्या जोराने झालं नाही ते कोणीतरी करून घेतलं, आणि जे अर्धं राहिलं तेही घेतलं, एवढं मला कळतं. त्याचे उपकार मानायला मला शब्द सुचत नाहीत. सोमवारी सकाळी मी देवळात जातो आणि रांगेत उजवा हात पुढे करून उभा राहतो. काही वेळा तीर्थ हातात राहतं, काही वेळा सांडतं.