मी बागेत होतो

भिलाईला कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात एवढी लाल धूळ यायची, की आई झाडू हातातून ठेवायचीच नाही. बाबा कारखान्यात फिटर होते. दुर्ग स्टेशनवरून ते एक मराठी साप्ताहिक आणत. त्यात चोर ओळखायचं कोडं असे. बाबा ते मोठ्यानं वाचत आणि आई पोळ्या लाटता लाटता चोर पकडे. तिचा चोर बहुतेकदा चुके, पण बाई हटणारी नव्हती.

एकदा पैजच लागली. दोन वर्षं आईनं भंडाऱ्याकडचं माहेर पाहिलं नव्हतं. भट्टीचं बांधकाम चालू हाय, अशात सुट्टी कशी मागू, हे बाबांचं पालुपद. आई म्हणाली, "या खेपेचं कोडं म्या सोडवलं, त पोयाच्या सनाले माह्या गावी न्या."

कोडं असं. बंगल्यातलं घड्याळ चोरीला गेलं. संशयित दोघं, माळी आणि स्वयंपाकीण. जबाब दोन, पण नावं गाळलेली. एक, "मी कुणालाच पाहिलं नाही." दुसरा, "मी सकाळभर बागेत होतो." बागेत तर चिखल, आणि दोघांचेही पाय कोरडे. म्हणजे दुसरा जबाब खोटा. तो कोणाचा?

"माळ्याचा," बाबा म्हणाले. "बागेत माळीच राहीन ना."

"माळी कायले सांगन? ज्याचं बागेत काम नाही, तोच सांगते. स्वयंपाकीनच हाय."

मला आजही हे बिनतोड वाटतं.

नवा अंक येईपर्यंत आईनं मनातल्या मनात ट्रंक भरून ठेवली होती. बाबांनी उत्तर वाचलं: चोर माळी. आईचा चेहरा पडला. बाबा पुढे वाचत गेले, "कारण 'होतो' असं पुरुषच म्हणेल. बाई 'होते' म्हणाली असती." आणि थांबले.

आईनं लाटणं खाली ठेवलं. "मी त 'होतो'च म्हनतो. माही मायबी म्हनते. मंग आमी बाया नोहो काय?"

मला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत.

"कोडंच चुकलं हाय," ते म्हणाले. "तू नाही चुकली."

दुसऱ्या दिवशी फोरमनच्या शिव्या खाऊन का होईना, त्यांनी सुट्टी आणली. पोळ्याला आम्ही आईच्या गावात होतो. आजीनं आईला कुशीत घेतलं आणि दोघी कितीतरी वेळ रडत होत्या.

पुढे लग्न होऊन मी पुण्याला आले आणि 'आले' म्हणायला शिकले, कारण 'आलो' म्हटलं की नणंदा खो खो हसत. भिलाईहून परतताना मात्र उंबऱ्यातून आपसूक निघायचं, "येतो, आई." ती म्हणायची, "ये माय, लवकर ये."

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, मग आईही गेली. आता माझं बोलणं अगदी शुद्ध झालंय, कुणी हसत नाही. 'येतो' म्हणून निघावं असं दार मात्र कुठे उरलं नाही.