सवलतीचं पाणी

माजलगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी असताना घडलेली ती घटना इतक्या वर्षांनीही मनातून गेलेली नाही. दुष्काळाचं वर्ष होतं. चोरांपेक्षा टँकरलाच बंदोबस्त जास्त लागायचा.

एका सकाळी बौद्ध वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताई ठाण्यात आल्या आणि त्यांनी अंमलदाराच्या टेबलावर बाटली ठेवली. आतलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं.

"आमच्या विहिरीचं हाय, साहेब. पोरं म्हणतात, वरच्या आळीनं मुद्दाम औषध टाकलं. सांजेपर्यंत काठ्या निघतील. त्याच्या आत तुमी या."

मी लगेच निघालो. पंचांसमक्ष नमुने घेऊन सीलबंद केले. वास फवारणीच्या औषधाचा नव्हता, साखर कारखान्याच्या मळीचा होता. तेवढ्यात शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीने मला बाजूला घेतलं. "काल दुपारी पाटाला काळं पाणी आलतं. माझ्या शेळ्यांनी तोंड न्हाई लावलं."

विहिरीला लागून जाणाऱ्या त्या पाटाने उलट चालत गेलो, तो साखर कारखान्याच्या टाक्यांपाशी पोचलो.

केंद्राच्या नियमाप्रमाणे त्या कारखान्याला सांडपाण्याचा थेंबही आवाराबाहेर सोडायची मुभा नव्हती. दुष्काळ बघून राज्याने सवलत दिली होती. शुद्ध केलेलं पाणी चाऱ्याच्या शेतांना द्यायचं, पण रोज केमिस्टने तपासून सही केल्यावरच व्हॉल्व उघडायचा.

व्हॉल्ववरचा कामगार पन्नाशीचा, वरच्या आळीतला, साधा माणूस होता. त्याला ठाण्यात बसवलं. काहीही विचारलं तरी तो नोंदवहीकडे बोट दाखवायचा. "सही हाय ना, साहेब." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकच वाक्य धरून बसतो. आवाज चढवून उपयोग नव्हता. मी त्याला स्थळ पाहणीसाठी विहिरीवर नेलं.

ऊन रणरणत होतं. ताईंनी घरातल्या टँकरच्या पाण्यातून तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही.

ताईंचा चेहरा उतरला. "आमच्या हातचं चालत न्हाई का, दादा?"

"तसं न्हाई, ताई." तो मटकन खाली बसला. "तुमचं पाणी मीच नासवलं. आता तुमचंच कुठल्या तोंडानं पिऊ?"

मग त्याने सगळं सांगितलं. शुद्ध पाण्याची टाकी रिकामी झाली होती. फाटकावर शेतकरी हात जोडून उभे होते, चारा वाळत होता. त्याने शुद्ध न केलेल्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व फिरवला. "मला वाटलं, जरासं सोडलं तर काय हुतंय."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून मी नोंदवही जप्त केली आणि पानं उलटली. पुढच्या आठ दिवसांच्या पानांवर केमिस्टच्या सह्या आधीच तयार होत्या. केमिस्ट, त्याचा वरिष्ठ आणि कामगार, तिघांवर गुन्हा दाखल झाला. ताई स्वतः वस्तीत फिरल्या. "औषध कुणी टाकलं न्हाई, घरला जा," असं त्यांनी प्रत्येक तरुणाला सांगितलं. संध्याकाळी एकही काठी निघाली नाही.

कारखान्याने विहीर उपसून साफ करून दिली. तहसीलमध्ये बैठक झाली, तेव्हा मी ठणकावून म्हणालो, सवलत रद्द करा. ताई उभ्या राहिल्या.

"रद्द करू नका, साहेब. पलीकडची जनावरं मरतील, त्यांचा काय गुन्हा? फक्त तपासणी आमच्यासमोर करा."

तसंच ठरलं. रोज सकाळी जामिनावर सुटून कामावर परतलेला तोच कामगार आणि नवा केमिस्ट पाण्याचा नमुना घेऊन अंगणवाडीच्या दारात यायचे. ताई पाणी उजेडात धरायच्या, वास घ्यायच्या, केमिस्टला दोन प्रश्न विचारायच्या आणि मगच सही करायच्या. एकदा त्यांनी नमुना परत पाठवला. त्या दिवशी व्हॉल्व उघडला नाही आणि त्याबद्दल कुणी कुरकुरही केली नाही.

नोकरीभर मी समजत आलो होतो की नियम ढिला केला की माणूस बिघडतो. त्या बाईंनी मला वेगळं शिकवलं. अडचणीच्या काळात नियम थोडा वाकवावा लागतो. पण तो किती वाकवायचा हे ठरवताना, ज्याच्या विहिरीकडे ते पाणी वाहत जाणार आहे त्याला आधी विचारावं.