मांडवापुढे बंद पडलेली गाडी

हे लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेही डिप्लोमाला. तिथं मला आकृत्या काढायला शिकवलं, लिहायला नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एका गाडीबद्दलचा राग माझ्या मनात अजून तसाच आहे, आणि तो माझ्याऐवजी दुसरं कुणी लिहिणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जळगावात केळीच्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. आमचं घर मेहरूणमध्ये, आणि मी शिकायला धुळ्याला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा शेठनी नवी गाडी घेतली; कार्बोरेटर नसलेली, कॉम्प्युटरवर चालणारी. आबा तिला स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे.

पुढे त्या गाडीला एक खोड लागली. रस्त्यावर उत्तम धावायची, पण रेल्वे फाटकाशी थांबली आणि एसी चालू असला, की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. आबांनी त्यावर उपाय शोधला होता. गाडी उभी असतानाही ते अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलकासा टेकवून ठेवायचे.

शेठ ओरडायचे, "पाय काढ तो! पेट्रोल काय तुझ्या विहिरीतून येतं?"

शेठच्या थोरल्या मुलाचं लग्न पारोळ्याला होतं. घरचंच कार्य म्हणून आम्हीही सगळे गेलो होतो. वैशाखातलं ऊन, नवरदेव मागच्या सीटवर, एसी पूर्ण सोडलेला. पुढे बँड, त्यामागे गाडी, एकेक पाऊल सरकत. शेठ आबांच्या शेजारी बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष आबांच्या पायाकडे. आबांनी पाय काढला. मांडवाच्या कमानीपुढे इंजिन बंद पडलं. चावी फिरवली की सुरू व्हायचं, पुन्हा बंद.

"मांडवम्होरे गाडी बंद पडनी वं माय!" एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली.

बँडवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "ढकला रे पटकन, नवरदेव पळून जाईल!" सगळे हसले. शेठ खाली उतरले.

"जमत नव्हतं तर बैलगाडी हाकायची! माझ्या घरच्या कार्यात अपशकुन केलास."

"शेठ, पाय काढला म्हणून..."

"वर तोंड करून बोलतो?"

आबा खाली उतरले आणि वऱ्हाड्यांबरोबर गाडी ढकलू लागले. लग्नासाठी इस्त्री केलेला त्यांचा पांढरा सदरा पाठीवर भिजून चिकटला होता. बँड वाजतच होता. हे लिहितानासुद्धा माझे दात आवळले जातात.

धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी शिकायला जायचो. तिथं अशाच इंजिनाचा एक छोटा व्हॉल्व्ह मी खोलला होता. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की हवेचा मोठा रस्ता बंद होतो. तेव्हा बाजूच्या एका बारीक वाटेनं इंजिनाला हवा मिळते. ती वाट किती उघडायची, हे तो व्हॉल्व्ह ठरवतो. एसी लागला, इंजिनावर भार आला, की त्यानं ती जास्त उघडायला हवी. काजळी आणि तेलाची वाफ बसून तो चिकटला, तर इंजिनाचा श्वासच कोंडतो. आबांचा टेकवलेला पाय त्या व्हॉल्व्हचंच काम करत होता.

मी हे शेठना सांगायला गेलो. ते म्हणाले, "शोरूमच्या माणसानं तपासली. गाडीत काही नाही."

"एसी लावून तपासली का?"

"तू आधी पास तरी हो." तरीही दोन दिवसांनी म्हणाले, "बघ काय ते. बिघडली तर बापाची जबाबदारी."

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात आम्ही बॅटरीची तार काढली, व्हॉल्व्हचे स्क्रू सोडवले. आत काळा, चिकट थर होता, कढईच्या बुडाला बसतो तसा. मी जुना टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून हलक्या हातानं थर काढला. व्हॉल्व्हच्या टोकाला जोर लावायचा नसतो, आणि त्याच्या मोटारीत थेंबही जाऊ द्यायचा नसतो. हवेची वाट चिंधीनं पुसली. आबा सुटलेले स्क्रू ओंजळीत धरून माझ्याकडे बघत होते. सगळं जोडल्यावर आबांनी सीटवर बसून गाडी सुरू केली, एसी सोडला. इंजिन क्षणभर दबलं, मग स्वतःच सावरलं. आबांचे दोन्ही पाय बाहेर, फरशीवर होते.

मी म्हणालो, "शेठ, काजळी पुन्हा धरते. अधूनमधून साफ करत राहावं लागेल."

शेठनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "शोरूमवाल्याला जे सापडलं नाही, ते तुला अर्ध्या तासात सापडलं? म्हणजे बिघाड दडवणारे तुम्हीच. लेकाची हुशारी दाखवायला माझ्या मुलाच्या लग्नात तमाशा केलात."

अपमान झाला होता, तो पुसायला पुरावा आणला, तर शेठनी तो पुरावाच आमच्यावर उलटवला. आबांनी चावी बॉनेटवर ठेवली. घरी येईपर्यंत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "तुझं काम चोख झालं."

त्यानंतर आबा शाळेची रिक्षा चालवू लागले. शेठकडून कधी निरोप आला नाही, दिलगिरी तर दूरच. पारोळ्याचा कुणी भेटला की पुढेही, "अपशकुनवाले ड्रायव्हर तुम्हीच ना?" असं आबांना हसत विचारायचा, आणि आबाही कसनुसं हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

दोन-अडीच वर्षांनी, मी सुट्टीत घरी असताना, शेठचा नवा ड्रायव्हर आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"आबा, शेठच्या धाकल्याचं लग्न झालं फैजपूरला. शेठ म्हणाले, वरातीत गाडी मीच चालवतो, ड्रायव्हरचा भरवसा नाही."

"मग?"

"मांडवापुढं बंद पडली. ढकलत नेली."

आबांनी हातातला चहा खाली ठेवला. "एसी चालू होता?"

"पूर्ण."

"आणि पाय?"

"पाय कशाला ठेवतील, आबा? पेट्रोल त्यांचंच ना."