मफलरवाल्याला न जिंकवणारे तळवडेकर सर

परळच्या आमच्या चाळीत श्री. तळवडेकर सर राहायला आले आणि त्याच आठवड्यात दाराशी येऊन त्यांनी माझ्याकडे सुपारी मागितली. मी अडकित्ताही पुढे केला. सर म्हणाले, "फोडायची नाही वहिनी, तिरकी चालवायची आहे." त्यांच्या बुद्धिबळाच्या पटावरचा एक उंट हरवला होता. नवा संच न आणता सुपारीवर भागवणारे गृहस्थ शेजारी आले, याचं मला फार समाधान वाटलं.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात त्यांच्या अभ्यासाविषयी खरं तर जाणकाराने लिहायचं. पण महिला मंडळाचा जमाखर्च मी लिहिते, तेव्हा हातात पेन असतंच, असं म्हणून मंडळींनी हे काम माझ्यावर टाकलं. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. घोडा अडीच घरं जातो, यापलीकडे मला त्या खेळातलं कळत नाही.

सरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर एका स्पर्धेचा इतिहास लिहायला घेतला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, युरोपातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी देशोदेशीचे बुद्धिबळपटू जमले होते. कालपरवा एकमेकांशी लढलेल्या देशांची माणसं तिथे समोरासमोर बसून लाकडी सैन्य हलवत होती. जुनी मासिकं मिळवून, जर्मन शब्दकोश मांडीवर घेऊन सर एकेक डाव उलगडत. एखादी चाल दोन ठिकाणी वेगळी छापलेली आढळली, तर खरी कुठली ते कळेपर्यंत पुढची ओळ लिहीत नसत.

एका मे महिन्यात तो इतिहास त्यांनी गॅलरीत सांगायला घेतला. रोज संध्याकाळी एक फेरी. पुढचं कुणी विचारलं की म्हणायचे, "ते उद्या घडेल." नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून चाळीने आपली ठेवली. एक सिगारवाले, एक टकलू, आणि सर्दीने बेजार होऊन गळ्याला मफलर गुंडाळलेला एक तरुण, तो मफलरवाला. आमच्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी त्याच्यावर जीव लावला. "तेका काढो करून देणारा कोण आसा काय नाय थंय?" असं रोज विचारायच्या.

मफलरवाला मागे पडत चालला. शेवटच्या फेरीच्या संध्याकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, "तो जिकल्याशिवाय मी जेवचंय नाय." त्यांना मधुमेह. गोळी घेऊन झाली होती, आणि गोळीनंतर जेवण टाळू देऊ नका, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलेलं.

आमच्या ह्यांनी समजावलं, "आये, तो सामनो कधीच संपलो गो!"

"मगे मास्तर रोज उद्या उद्या कित्याक म्हणतत?"

सासूबाई सरांकडे वळल्या. "मास्तरा, पट तुझो, सोंगट्यो तुझ्यो. जिकव मरे तेका!"

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, एवढं एक खोटं बोला. पाप मला लागू दे."

सर घामाघूम झाले होते. म्हणाले, "वहिनी, ज्याने त्याला खरंच हरवलं, त्याचं काय? त्यालाही कुणाची तरी सासू असेलच की."

आणि सासूबाईंसमोर बसून त्यांनी सांगितलं, "आजी, तो हरला."

सासूबाईंनी ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे हात थरथरायला लागलेले पाहून मी साखर आणायला उठले, तेवढ्यात सर म्हणाले, "आजी, बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी झाला. तो मी उद्या सांगणार होतो. पण आजच सांगतो." तोवर सरांनी क्रम कधीच मोडला नव्हता. "तिथे सगळ्यांत सुंदर डावाला वेगळं बक्षीस होतं. ते मफलरवाल्याला मिळालं."

सासूबाई वळल्या. "खरा?"

"छापलेलं आहे, आजी."

"हरान सुद्धा?"

"हरूनसुद्धा. आधीच्या एका फेरीतला तो डाव होता. लोक अजून मांडून बघतात."

"मगे आधी सांगूक काय झाला तुका? आमटी थंड झाली!" असं म्हणत त्यांनी ताट ओढलं आणि सरांनाही शेजारी जेवायला बसवलं. सर घरून जेवून आले होते. त्या दिवशी त्यांनी लपवलेली ती एकच गोष्ट.

सरांची पंच्याहत्तरी आल्याचं कळताच सासूबाईंनी त्यांच्या आयुष्यासाठी उपास करायचं ठरवलं. होऊन गेलेला डाव जिंकवून मागण्यापेक्षा हे मागणं नक्कीच रीतसर आहे, पण डॉक्टर ऐकत नाहीत. म्हणून सरांच्या नावाने संकष्टी मी धरली आहे. श्रीगजाननाने त्यांना निरोगी शंभरी द्यावी, डोळे आणि गुडघे शाबूत ठेवावेत, पुस्तक त्यांच्या हातून पुरं करून घ्यावं. साबुदाणा मला सोसत नाही, तरी धरली आहे. सरांनी एवढं लक्षात घेऊन प्रकृतीला जपावं.