एक केबल हळदीची, एक कुंकवाची

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला बसलो की मध्ये कोणी फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. माझ्या हातून चूक झाली. हो, माझ्याच! वीस वर्षं मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळलेल्या माणसाच्या हातून! आणि तीसुद्धा कसालात, काजूच्या गोदामावरच्या खोलीत.

आता काय झालं, ऐका. आमचा मित्र बाळू आणि त्याची बायको सुमन, म्हणजे आमच्या वहिनी, दशावतारी नाटकांचं चित्रीकरण करतात. बाळू कॅमेरे लावतो, वहिनी संकलन करतात. एका नाटकाला चार कॅमेरे, आणि नाटक किती लांब असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. एवढा पसारा ठेवायला एक मोठी मशीन, तिचं नाव नारायण. संकलनाची दुसरी, तिचं नाव लक्ष्मी. नावं मीच ठेवली. लक्ष्मीनारायणाच्या देवळाचं वालावल माझं गाव, तिथला माणूस दुसरं काय ठेवणार?

पण लक्ष्मी-नारायणाचं जमत नव्हतं. साध्या वायरीतून चित्र इतकं अडखळत यायचं, की राजा तोंड उघडायचा आणि त्याची गर्जना ऐकू येईपर्यंत राणी रडून मोकळी व्हायची.

आणि त्या दिवशी पाच वाजता नाटक मंडळाचे मालक आबा स्वतः बघायला येणार होते. पसंत पडलं तर वर्षभराच्या सगळ्या नाटकांचं काम बाळूला. नाही पडलं तर काम जाणार गोव्याच्या पार्टीकडे. म्हणून बाळूने पणजीचा एक इंजिनिअर बोलावून ठेवला होता.

"पणजीचो कित्याक? कशाक होयो तो?" मी म्हटलं. "मी काय मेलंय? दुपारच्या जेवणाआधी करून देतंय!"

मी दोन्ही मशीनना नवी नेटवर्क अडॅप्टर्स, म्हणजे एकमेकींशी बोलायची कार्डं, बसवायची ठरवली. रिमोट डायरेक्ट मेमरी ॲक्सेसवाली. घाबरू नका, सोपं आहे. तुमच्या शेजारची काकी मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येते, विरजण घेते आणि जाते. ओटीवर पेपर वाचत बसलेल्या घरधन्याला पत्ताही नसतो. बस्स! इथे घरधनी म्हणजे प्रोसेसर. एक मशीन दुसरीच्या मेमरीतून हवं ते थेट उचलते, प्रोसेसरला उठवत नाही. आहे की नाही झकास?

प्रत्येक अडॅप्टरला दोन पोर्ट, आणि दोन्ही मशीनना जोडणाऱ्या दोन केबल. दोन्ही काळ्या, जुळ्या बहिणी. खूण करायला बघतो तर मार्कर सुकलेला. शेजारी वहिनींचं पूजेचं तबक होतं. मी एका केबलच्या दोन्ही टोकांना कुंकू लावलं, दुसरीच्या दोन्ही टोकांना हळद. लाल ती पहिल्या पोर्टाची, पिवळी ती दुसऱ्याची. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो, की फोटो काढून ठेवला.

केबल लावल्या, ड्रायव्हर घातले, दोन्हीकडचे पत्ते भरले. तेवढ्यात वहिनी आल्या.

"भावोजी, नवीन मशिनीक नारळ नको?"

"ठेवा की, वहिनी! शुभ कामाक नाय कोण म्हणता?"

पाणी शिंपडतील म्हणून मी मशीन बंद केल्या, केबल काढल्या, नीट वेटोळी करून पाटावर ठेवल्या. केवढी ही दक्षता! मग बाळूने देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आज ही नवीन मशीन तुझ्या लेकरान लावल्यान हा, तेच्या हातसून काय चूकभूल झाली असात तर ती सुधारून घे रे महाराजा…"

चूक? माझ्या हातून? वहिनी "होय महाराजा" म्हणाल्या. मी म्हटलंच नाही.

पूजा चालू असतानाच पणजीच्या इंजिनिअरचा फोन आला. मी बाहेर जाऊन त्याला पाऊण तास अडॅप्टर कसं लावायचं ते शिकवलं, आणि शेवटी "तुम्ही येऊ नका, उगाच पेट्रोल जाळू नका" असंही सांगितलं. त्या भाषणात वहिनी दारातून काहीतरी म्हणाल्या. "भावोजी, तुमी अर्धवटच लावलेलास, मी पुरा केलंय हां!" मी हात हलवून "बरा, बरा" म्हटलं.

आत येऊन बघतो तर चारही टोकांना हळद आणि कुंकू! बरोबरच आहे हो. आमच्याकडे एकटी हळद नाही, एकटं कुंकू नाही, जोडीनेच लावतात. कुठल्याही सवाष्णीने हेच केलं असतं.

पण मी काय गोंधळणार? म्हटलं, चार टोकं, चार पोर्ट, डोळे मिटून लावीन. आणि तशीच लावली, मशीन चालू केल्या. चारही हिरवे दिवे पेटले! पडद्यावर वेगाच्या चाचणीच्या दोन खिडक्या उघडल्या, इकडून पाठवायचं, तिकडे घ्यायचं. आणि काय तो वेग! सुसाट! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"बाळू, पेढे हाड!"

पेढे आले. मी चार खाल्ले. पाचवा तोंडात असताना वहिनींनी नाटक लावलं, आणि पडदा काळाच्या काळा.

"भावोजी, लक्ष्मीक नारायण गावना नाय."

"गावतलो! सापडतलो! घाई करू नका."

ड्रायव्हर काढून पुन्हा घातले. फर्मवेअर बदललं. पॅकेटची लांबी वाढवली, मग कमी केली. वेगाची चाचणी घेतली की सुसाट, नाटक लावलं की अंधार. जेवण राहिलं. तीन वाजले. बाळूने हळूच विचारलं, "पणजीवाल्याक परत फोन करू?"

"खबरदार!" मी ओरडलो. खरं सांगतो, त्या वेळी मला भीती वाटली. माझी अब्रू गेली तर गेली, पण बाळूचं वर्षभराचं काम माझ्या हट्टापायी चाललं होतं.

साडेचारलाच आबा हजर. पांढरं धोतर, जाडजूड मिशा. खुर्चीत बसले आणि काळ्या पडद्याकडे बघून म्हणाले, "नाटक अमावास्येचा दिसता."

मी त्यांना समजावून सांगू लागलो. आधी दोष अडॅप्टर बनवणाऱ्यांना दिला. मग विजेच्या दाबाला. मग समुद्राच्या खाऱ्या हवेला. कसालात समुद्र कुठून आला, असं विचारायचं सौजन्य आबांनी टाळलं.

इकडे वहिनी खाली वाकल्या. एका केबलला बोट लावून, ते वेटोळ्यावरून सरकवत सरकवत शेवटापर्यंत गेल्या. मग दुसरीवरून. आणि सरळ उभ्या राहिल्या.

"भावोजी, हिची दोनय टोका लक्ष्मीतच आसत. आणि दुसरेची दोनय नारायणात."

मी पडद्याकडे बघितलं. चाचणीच्या दोन्ही खिडक्याही मी घाईत लक्ष्मीवरच उघडलेल्या! म्हणजे दुपारपासून लक्ष्मी लक्ष्मीलाच पाठवत होती आणि लक्ष्मीच पोहोचल्याची पावती देत होती. वेग सुसाट का नसेल? जायचंच कुठे नव्हतं!

वहिनींनीच दोन टोकांची अदलाबदल केली. एक मिनिट लागलं नाही. नाटक लावलं, आणि राजाने तोंड उघडलं त्याच क्षणी गर्जना! चारही कॅमेरे एकदम, लोण्यासारखे. आबा पुढे सरकून बसले. अर्धा तास बघितलं. मग बाळूच्या पाठीवर थाप मारली. "वर्षाचा काम तुझा. आणि ह्या बायचो हात धरून ठेव."

बाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण मी ते खाऱ्या हवेवर ढकललं.

मग आबा माझ्याकडे वळले.

"म्हणजे दुपारपासून तू काय करी होतंस? आपणच राजा, आपणच राक्षस! आपल्याच अंगार तलवार फिरवलंस आणि जिंकलंय म्हणान पेढे खाल्लंस?"

मी उरलेल्या पेढ्यांचा डबा हळूच खुर्चीखाली सरकवला.

"आमच्या मंडळात संकासुराची जागा रिकामी आसा," आबा मिशीतल्या मिशीत म्हणाले. संकासूर म्हणजे काळा पोशाख घालून लोकांना हसवणारं आमचं सोंग. "येतंस काय?"

आता मीही काही हार मानणारा नाही. छाती पुढे काढून म्हटलं, "येतंय की! तालीम कधी?"

"तालीम?" आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुका कित्याक होयी रे?"